पाव मात्रा

शनिवारी रात्री, भांडी झाल्यावर,
कॅलमझूच्या या स्वयंपाकघरात
मी एका गोळीचे चार तुकडे करते.
लाल, चव कलिंगडाची, असं डबीवर लिहिलंय.
सुरी चिकटते. तिला आधी तेल लावायचं,
वड्या कापताना लावतो तसं.

एक तुकडा तोंडात. तीन परत डबीत,
डबी मोहरीच्या मागे.
कुलूप नाही. लपवण्याचे दिवस वेगळे होते:
तेव्हा मी कपड्यांच्या साबणाच्या बाटलीत
वाइन भरून ठेवायचे,
आणि ऋजुता नववीत असताना
घरातलं सगळं धुणं स्वतः करायला लागली होती.
का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

दारू सुटून तेराशे बारा दिवस.
मोजते अजून,
पण मोजणाऱ्यांत मला आता धरत नाहीत.
चर्चचं तळघर, घडीच्या खुर्च्या, जळकी कॉफी.
लॉरेटा म्हणाली, "नीला, अर्धं कोरडं असं काही नसतं."
प्रेमानंच म्हणाली. तिनं मला दोनदा
बाथरूमच्या फरशीवरून उचललंय.
मी तीन वर्षांचं नाणं टेबलावर ठेवलं.
तिनं ते परत माझ्या कोटाच्या खिशात घातलं
आणि खुर्च्या मिटायला लागली.

तिला कसं सांगू,
मी ज्या घरातून आले तिथे उपास दोन तऱ्हेचे:
एक निर्जळी,
आणि एक दाणे, बटाटा, राजगिरा चालणारा.
देवानं दुसरा कधी परत पाठवल्याचं
कुणाच्या ऐकिवात नाही.
(हेही खरं, की उपासाच्या दिवशीच
आम्ही जास्त खायचो.)

आई सहाणेवर बाळगुटी उगाळायची.
हळकुंडाचे पाच वेढे, वेखंडाचा एक,
जायफळाचे दोन. दोनच.
मोजताना तिचे ओठ हलायचे.
भांग म्हणजे तिला फक्त केसांतला ठाऊक,
फणीच्या टोकानं सरळ पाडलेला,
शाळा सुटेपर्यंत वाकडा झालेला.

अकराला खांदे खाली येतात.
बाहेर बर्फ लोटणारी गाडी जाते,
तिचा पिवळा दिवा छतावरून फिरतो.
झोपेत मी कोसळत नाही आता,
चालत जाते.

खोटं बोलायचं नाही ठरवलंय, म्हणून लिहिते:
फेब्रुवारीत, थोरल्या भावाचे विधी फोनवर पाहून झाल्यावर,
दोन तुकडे घेतले. मंगळवार होता.
दुसऱ्या दिवशी डबीतले उरलेले मोजताना
माझे ओठ हलत होते.

ऋजुता सुट्टीला येते तेव्हा
बॅग मशीनपाशीच उघडते.
साबणाची बाटली उचलते, झाकण काढते,
हुंगते.
मी दारात उभी, ओले हात पुसत.
साबणच असतो.
ती एक झाकण ओतते, दुसरं भरायला घेते.
मी म्हणते, एक पुरे.