बिल्ला

भायखळ्याला, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर
दोन खोल्यांचं संग्रहालय.
दाराशी सावंतांनी पिशवी ठेवून घेतली,
पितळी बिल्ला दिला : एकेचाळीस.
सिमखामावशीनं तो पदराच्या गाठीत बांधला.

आत काचेखाली एक चमचा,
दांड्यावर खिळ्यानं कोरलेलं अक्षर,
अर्धंच.
पलीकडे भिंतभर मेलेल्यांची नावं.
मावशी चष्मा पुसून वाचत गेली,
बोट भिंतीपासून वीतभर लांब,
आणि एका ओळीशी थांबली.
सिमखा. वय सहा.

मला वाटलं, रडेल.
ती म्हणाली, "आमचे पणजे नवगावला घाणा चालवायचे.
शनिवारी बैल सोडलेले असत.
लोक शनवार तेली म्हणायचे,
तेल रविवारी न्यायचे.
एवढंच."
मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "एवढंच."

बाहेर सावंतांनी हात पुढे केला.
"नंबर?"
"सिमखा."
"नंबर सांगा, मावशी."
"सिमखा झिराडकर. वय त्र्याहत्तर.
पिशवीत मेथीची जुडी आहे,
आत्ताच घेतली, देठ ओले असतील."

पदराची गाठ तशीच.
सावंत उठले. फळीवर
मेथी दोन पिशव्यांत निघाली.
त्यांनी देठांना हात लावून पाहिला.