वीतभर दुपार

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात
सूर्य गेला तो गेलाच.
न सांगता नव्हे, कॅलेंडरात तारीख छापून.
आता अर्धा जानेवारी सरेपर्यंत
बॅरेंट्स समुद्राकाठच्या या गावात
दिवस म्हणजे नुसता घड्याळातला आकडा.

डायलिसिसच्या खोलीत चार खुर्च्या,
एक खिडकी, बर्फाने अर्धी लिंपलेली,
आणि भिंतींना शिळ्या ताकाचा रंग.
आठवड्यातून तीनदा, चार-चार तास
माणसं इथे आपलं रक्त बाहेर फिरायला पाठवतात
आणि ते परत यायची वाट बघतात.

सुन्निव्हा आली ती पिशवीभर चिठ्ठ्या घेऊन.
गुलबक्षी, पोवळी, शेंदरी, पिकल्या पपईचा गर
(ही नावं माझी; तिच्याकडे नुसते क्रमांक होते).
एका चिठ्ठीपाशी मीही अडखळलो:
गुलाबी म्हणावा तर नारिंगी,
नारिंगी म्हणावा तर लाजतो.
आपल्याकडे त्याला अबोली म्हणतात.
शोभला असता तिथे.
त्या खोलीतही कुणी फारसं बोलत नाही.

बैठकीत नाकं मुरडली गेली.
एकाला गुलाबी म्हणजे बारशाचा केक,
दुसऱ्याला नारिंगी म्हणजे
रस्ता खोदणाऱ्यांचं जाकीट.
सुन्निव्हा म्हणाली, एकेकटे असले की ओरडतात हे,
शेजारी बसवा, मग बघा.

हाल्वार्डने भिंतीवर सहा चौकोन रंगवले.
ट्यूबलाइटखाली पहिले दोन
कच्च्या मांसासारखे निघाले.
तिसऱ्यात जरा माती मिसळली,
चौथ्यात थोडा पिवळा,
पाचव्यापाशी येणारे-जाणारे थांबू लागले.

एक बेर्ग्लिओत तेवढी थांबली नाही.
एकोणीस वर्षांची नोकरी तिची.
ती भिंतीकडे बघतच नव्हती,
त्या चौकोनाशेजारी बसलेल्या ओडवेगच्या
ओठांकडे बघत होती.
"हा रंग खोटं बोलतो," ती म्हणाली.
"रक्तदाब घसरला की आधी चेहरा पांढरा पडतो.
तुमची भिंत त्याला गुलाबी दाखवील,
आणि मला कळेल तोवर उशीर झालेला असेल.
मला माणूस आहे तसा दिसला पाहिजे."

सुन्निव्हाकडे उत्तर नव्हतं.
ऊब कशी आणायची ते शिकवलं होतं तिला,
ती ऊब कुणाच्या गालावर सांडते
ते नव्हतं शिकवलं.

तेव्हा ईस्को बोलला. चाळीस वर्षं कोळंबीच्या बोटीवर
आणि आता दंडात दोन सुया.
"एवढी भिंत कशाला?
बाराच्या सुमाराला दक्षिणेकडे बघा.
तिथे मिळतं तेवढंच द्या."

ज्यांना उठता येत होतं ते खिडकीशी गेले.
समुद्र काळा. त्याच्या काठावर
उकडलेल्या कोळंबीच्या पाठीसारखी एक नारिंगी रेघ,
तिच्यावर विरत गेलेला गुलाबी,
आणि वर तळ नसलेला निळा.
हात लांब करून मोजलं
तर सगळं मिळून वीतभर.
बघता बघता तेही पुसलं गेलं.

हाल्वार्ड रिकाम्या खुर्चीत स्वतः आडवा झाला,
तिथून नजर पोचते तिथे पेन्सिलीची खूण केली.
खुर्च्यांच्या पाठीमागे ताक तसंच ठेवलं.
समोरच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
वीतभर पट्टा:
खाली नारिंगी, वर गुलाबी,
आणि दोन्ही ओले असतानाच
कोरड्या ब्रशने मधली हद्द मोडून टाकली.
त्या हद्दीलाच तीन दिवस लागले.

आता बेर्ग्लिओत पट्ट्याकडे पाठ करून उभी राहते,
चार चेहरे आळीपाळीने तपासते.
पांढरा तो पांढरा दिसतो, पिवळा तो पिवळा.
तिचं समाधान आहे.

पण तिच्या मानेमागून
तो वीतभर रंग कानांच्या पाळ्यांवर येतो,
रात्रपाळीने ओढलेल्या गालांच्या कडेला लागतो.
ती ताजीतवानी दिसते,
नुकतीच बाहेरून, उन्हातून, आल्यासारखी.

हे खोटं आहे.
चौघांनाही माहीत आहे.
कुणी बोलत नाही.