पाव गोळी

थंडर बे. फेब्रुवारी. रात्रीचे पावणेतीन.
सिंकपासून मागच्या दारापर्यंत
लिनोलियम एका पट्ट्यात झिजलंय.
तो पट्टा माझा.
एकवीस वर्षं शाळेची बस चालवते मी,
पण या स्वयंपाकघरात जेवढी चालले
तेवढी ती बसही चालली नसेल.

पायांत नक्की काय होतं, मिसेस लेहतिनेन?
डॉक्टर हॅलोरन स्क्रीनला विचारतात.
दुखत नाही, मी म्हणते.
दुखलं असतं तर सांगता आलं असतं.
हाडाच्या आत कुणी सोड्याची बाटली हलवतंय
आणि बूच उघडत नाही.
त्यांनी टाइप केलं : अस्वस्थता.
एवढ्याशा शब्दात
माझ्या पंधरा वर्षांच्या रात्री मावल्या.

गोळी मोहरीएवढी.
पहिल्यांदा घेतली तेव्हा सकाळपर्यंत हललेच नाही,
रेयोनं म्हणे नाकाशी बोट धरून पाहिलं.
मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन.
दहाची वळवळ आठला येऊ लागली,
आठची चारला,
आणि परवा तर रेल्वे फाटकापाशी,
पाय ब्रेकवर, मागे सतरा मुलं
थंडीनं धुरकटलेल्या काचांवर मांजरं काढत बसलेली.
त्या संध्याकाळी मी किल्ल्या डेपोत ठेवून आले.

वही नेली होती. वेळा, गोळ्या, झोपेची मिनिटं.
म्हटलं, हे औषधच आता विस्तवाला वारा घालतंय, डॉक्टर.
दुसरं द्या. हे हळूहळू उतरवा.
आणि रक्तातलं लोह बघा.
कुठे वाचलंत? म्हणाले.
लोह नॉर्मल आहे, म्हणाले.
किती आहे?
नॉर्मल.
वही त्यांनी हातात घेतली नाही.
टेबलावर ती उघडीच होती,
पंख्याच्या वाऱ्यानं तिची पानं उलटत होती,
तेवढं वाचन झालं तिचं.
मग घड्याळ पाहून म्हणाले,
संध्याकाळी कॉफी सोडा,
आणि जरा पाय मोकळे करत जा.

पाय मोकळे!
मला हसू आलं, तेही त्यांनी बहुतेक टाइप केलं.
शेवटी हट्टच धरला तेव्हा चिठ्ठी मिळाली :
जुनी आजपासून बंद. नवी उद्यापासून.
दिवा मालवावा तशी.

औषधांच्या दुकानात डार्लीन मिचानोनं चिठ्ठी वाचली,
चष्मा वर केला, पुन्हा वाचली.
अशी एकदम? कुणी सांगितलं?
तिनं क्लिनिकला फोन लावला, स्पीकरवर ठेवला,
आणि होल्डचं ते गुळमट संगीत चालू असताना
बाकीच्या गिऱ्हाइकांच्या बाटल्या भरत राहिली.
पस्तीस मिनिटं.
मी रांगेशेजारी जागच्या जागी पावलं टाकत होते.
कुणी बघितलं नाही, किंवा बघून खाली पाहिलं.
तिकडून अखेर होकार आला, आवाजात आठ्या घेऊन.
कागदी पिशवीच्या पाठीवर डार्लीननं आठवडे आखले :
तीन, पावणेतीन, अडीच.
म्हणाली, वाईट जाणार आहे.
मला तिचं तेच आवडलं.

वाईटच चाललंय.
काल दोनला सौना पेटवला,
तापून बाहेर आले, बर्फात अनवाणी उभी राहिले,
पोटऱ्यांना सुया टोचल्या, ते सहा मिनिटं पुरलं.
हातसुद्धा आता आपापले चालतात.
रेयो उठला, काही विचारलं नाही,
टेबल भिंतीकडे सरकवून
मला वळायला जागा करून दिली.

गोळी कापताना पात्याला पांढरी पूड लागते.
ती पाव गोळीत धरायची का, डार्लीनला विचारायचं राहिलं.
मी पातं पुसून टाकते.

पहाटे तळघराच्या जिन्यात
बूट घालायला म्हणून बसले,
डोळे उघडले तेव्हा एकच बूट पायात होता
आणि शेजारच्या ट्रकचं इंजिन गरम होत होतं.
वहीत लिहिलं : चाळीस मिनिटं.
दोनदा अधोरेखित.

सहा आठवड्यांनी पुन्हा भेट आहे.
विचारलंच त्यांनी, तर आकडा सांगेन.