झोन चारशे सतरा

वर्ष दोन हजार पस्तीस, सकाळी सात ते आठ.
बरकाच्या पश्चिमेला, जिथे आज वाळू आहे
आणि चाकं काढलेला एक पाण्याचा टँकर,
तिथून नऊशे बारा गाड्या निघाल्या.
मीच काढल्या, काल जेवणानंतर,
बाराशे सदुसष्ट व्हिला, दर व्हिलामागे शून्य पूर्णांक बहात्तर.
वर पाव गाडी उरत होती, ती सोडून दिली.
घरं अजून नाहीत. दारं नाहीत, दाराशी चपला नाहीत,
पण डबे भरून, मुलांना मागे बसवून
माणसं वेळेवर निघाली.

सॉफ्टवेअरला माणूस कळत नाही, टिंब कळतं.
झोनच्या मध्यावर एक टिंब,
टिंबापासून हमरस्त्यापर्यंत एक खोटा रस्ता,
त्याला डांबर नाही, सिग्नल नाही, तो कधी तुंबत नाही.
घुब्राहून ऑफिसला यायला असा एखादा
मलाही चालला असता.

मग वाटप.
पहिल्या फेरीत सगळे हायवेवर तुटून पडतात,
पंगतीत जिलबीचं ताट दिसावं तसे.
हायवे लाल.
दुसऱ्या फेरीत काहीजण शहाणे होतात, किनाऱ्याच्या रस्त्याला लागतात.
तिसऱ्या फेरीत तोही भरतो.
अशा चाळीस फेऱ्या, न हॉर्न, न शिवी,
आणि मग अशी वेळ येते
की एकट्याने रस्ता बदलून
कुणाचंच भलं होणार नसतं.
याला आम्ही समतोल म्हणतो. अहवालात दीड ओळ.

मागे उभा राहून जोसकुट्टीने स्क्रीन पाहिला,
म्हणाला, सतरा वर्षं मी याच फेरीत आहे,
आणि बशीतला शेवटचा खजूर तोंडात टाकला.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे दुवा बावीसशे आठ.
क्षमता ताशी सहाशे, असं नकाशा सांगतो.
गुरुवारी असरनंतर मी तिथे गेले,
वही मांडीवर, पाच-पाच रेघांच्या जुड्या.
तासाभरात अकरा पिकअप,
जाळी खांद्यावर घेतलेला एक सायकलवाला
(त्याला रकाना नव्हता)
आणि भर रस्त्यात फुटबॉल खेळणारी सात पोरं,
गोलाच्या खांबांना चार चपला.
गाडी आली की एकजण ओरडायचा,
दोघे धावत चपला उचलायचे, गाडी जायची,
मग चपला पुन्हा तिथेच, पाऊल मोजून.
गाडी आपली थांबून राहायची. काच खाली करून
कोण जिंकतंय ते विचारायची.

खल्फान नावाचे म्हातारे कॉफी घेऊन आले.
किती झाल्या?
अकरा.
बारा, ते म्हणाले, तू वही शोधत होतीस
तेव्हा माझा मुलगा होडी ओढत गेला.
आणि ती घरं झाल्यावर?
मला आकडा पाठ होता. सहाशे चाळीस.
माझ्या मोडक्या अरबीत मी म्हणाले, थोड्या वाढतील.
कॉफीत वेलदोडा जास्त होता.

रविवारी विकासकाचा निरोप:
बावीसशे आठ हिरवा दिसला पाहिजे.
शाळा आतच आहे म्हणा, दहा टक्के फेऱ्या बाहेर येणारच नाहीत.
शाळा कुठल्याच आराखड्यात नव्हती.
मी ते केलं नाही. दुसरंच केलं,
त्या दुव्यावर प्रत्येक गाडीला वीस सेकंदांचा दंड लावला,
दोन पोरं, चार चपला, परत जागेवर.
गणित पुन्हा फिरलं. किनारा रिकामा झाला,
गाड्या मुकाट हायवेवर परतल्या,
गोल चौक रक्तासारखा लाल,
म्हणजे आता पूल, म्हणजे विकासकाचा पैसा.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: स्थानिक अडथळे.

आज तपासनिसाची शेऱ्याची चिठ्ठी आहे:
अडथळ्यांचं स्वरूप काय? कायमचे की तात्पुरते?
पुरावा जोडा.

तात्पुरतेच म्हणायचे.
पस्तीस साली ती सात पोरं गाड्या चालवत असतील,
नऊशे बारामध्ये ती धरलेली नाहीत.
चिठ्ठी अजून टेबलावर आहे.
गुरुवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी
स्टॉपवॉच घेऊन.