वरीलप्रमाणे

मनपा रुग्णालय, खोली सात, दार नीट लागत नाही.
मी इथे नोंदी करते. कंत्राटी, अकरा महिन्यांची.
बाराव्या महिन्यात मी कुठल्याच नोंदीत नसते.
मग पुन्हा नेमतात. ही चौथी खेप.

सोमवारी आणि गुरुवारी मनाचे पेशंट.
असं डॉक्टर म्हणत नाहीत, वॉर्डबॉय भिसे म्हणतो.
हाडाचे बुधवारी, मनाचे सोम-गुरू,
जसं काही मन वार बघून दुखतं.

रजिस्टरचा शेवटचा रकाना : शेरा.
तिथे मी लिहीत आले
‘आला नाही’, ‘आली नाही’, ‘उपचार सोडला’.
कंटाळा आला की नुसत्या दोन रेघा,
म्हणजे वरीलप्रमाणे.

मार्चमध्ये नव्या मॅडम आल्या, डॉ. तळवडेकर.
म्हणाल्या, औषधखोलीचं रजिस्टर आणा,
गोवंडीच्या दवाखान्याचं आणा,
आरोग्यसेविकांची वही आणा,
आणि तुमचं. चारही एका टेबलावर उघडा.
भिसे म्हणाला, एवढं मोठं टेबल नाही.
मग आम्ही फरशीवर बसलो.

आमच्याकडे ती झुबेदा, दवाखान्यात जुबैदा,
सेविकेच्या वहीत ‘सुबेदा, नळाशेजारी’.
तीन बायका, तिघींचं वय निराळं,
तिघींच्या मनगटावर भाजल्याची एकच खूण.
तिन्ही ठिकाणी तिला पहिल्यापासून विचारलेलं :
झोप लागते का, आवाज येतात का, घरी कोण असतं.
तिन्ही वेळा तिने पहिल्यापासून सांगितलेलं.
तिसऱ्या वेळी थोडं कमी.

मग औषधखोलीचं पान.
लिथियम. जून : निरंक. जुलै : निरंक.
ऑगस्ट, तारीख सतरा, दोनशे गोळ्या.
शेजारी माझं पान, त्याच जून-जुलैचं :
आला नाही, आली नाही,
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.
एकेचाळीस माणसं. मी बोट ठेवून दोनदा मोजली.
ती आली होती.
खिडकीवरून परत गेली होती.
‘पुढच्या आठवड्यात बघा’
हे कुणी कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं.
गैरहजर गोळी होती.
शेरा माणसांवर.
सही माझी.

बैठकीत कागद भिंतीवर लावला,
नावं झाकून, नुसते नंबर.
मॅडम म्हणाल्या, दुखणं ज्याचं त्याचं, हिशोब सगळ्यांचा.
भांडारपाल म्हणाले, मागणी वेळेवर गेली होती.
वरचे साहेब म्हणाले, मागणी वेळेवर आली नाही.
दोन्ही कागदांवर तारखा होत्या,
शेजारीशेजारी कुणी वाचल्या नव्हत्या इतकंच.
दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर जायला
कागदाला एकोणीस दिवस लागले होते.
पंखा तेवढा बोलत राहिला.

आता शेऱ्याच्या पुढे एक नवा रकाना आहे :
‘कोणी विचारलं?’
तिथे नाव लिहायचं. हुद्दा चालत नाही.
एकेचाळिसांपैकी सव्वीस सापडले.
नऊ जण गावी गेलेत, चौघांचं अजून कळत नाही.
दोघांचं कळलं.
भांडारपाल म्हणाले, त्या दोन ओळी आता काढून टाकू या का.
मॅडमनी खोडू दिल्या नाहीत.

काल सुरंगाबरोबर बैंगनवाडीत गेले, नळापाशी.
झुबेदा दारात बसून साडीवर खडे चिकटवत होती.
वहीकडे बघून म्हणाली, परत पहिल्यापासून सांगू?
म्हटलं, नको. माझ्याकडे आहे सगळं.
तिने चिमट्यातला खडा जागेवर बसवला,
फुंकर मारली,
पसारा जरा आत ओढून मला जागा केली.
मग बस म्हणाली. पुढचं सांगते.

शुक्रवारी माझे अकरा महिने भरतात.
तिच्या ओळीत त्यानंतर कुणाचं नाव लिहायचं
हे मॅडमना अजून विचारलेलं नाही.