रात्रपाळीची वही

म्हापशाहून बाटल्या आल्या, सहा,
अंगठ्याएवढ्या, निळ्या.
डॉक्टरीणबाईंनी सांगितलं: कापसावर दोन थेंब,
उशीपासून वीतभर लांब, रोज साडेनवाला.
आणि वहीत लिहायचं,
कोण कधी झोपलं, कधी उठलं,
सकाळी एक ते पाचात किती बरं वाटलं.

तर मी लिहिते. पर्वरीच्या पठारावर
अकरा खाटा, कुरकुरणारा पंखा,
खाली हायवेचे ट्रक.
लॅव्हेंडरचं झाड मी पाहिलेलं नाही.
पेडण्याची मी, मला सुरंगी कळते,
जिच्या वळेसराने डोकं दुखतं
आणि तरी तो केसांतून काढवत नाही.

पिएदाद मावशींना गुण आला.
"थेंबांचो न्हय गो," म्हणाल्या,
"कापूस दवरतना तूं कपलाक हात लायता, ताचो."
त्याला वहीत रकाना नाही.
मी लिहिलं: चार.

शालन काकोडकरांना विचारलं, ताजंतवानं वाटतं का?
"ताजी मासळी असते, बाय. माणूस नसतो."
तीन.

खाट सात. पुरसोबाब भोमकार, सत्त्याऐंशी, दिवाडीचे.
दोन थेंब, मग तीन, मग परवानगी काढून चार.
तरी उठतात. पाय खाली सोडतात, चपला शोधतात,
भिंतीला कान लावून उभे राहतात.
काय झालं? "कांय ना."
मुलगा कुवेतहून फोनवर म्हणाला, गोळी द्या.

सोमवारी उठले एक दहाला. मंगळवारी दोन.
बुधवारी दोन पन्नास. गुरुवारी पावणेचार.
झोप लांबतेय असं वाटून
मी समासात वर जाणारा बाण काढला.
मग पहाट, मग पुढच्या आठवड्यात चार रात्री गाढ;
डॉक्टरीणबाई खूश.
आणि शुक्रवारी एकदम: पावणेअकरा.

गॅसवाल्याचा नंबर शोधायला कॅलेंडर उलटं केलं
तर मागे, मुंगीच्या अक्षरांत, भरती-ओहोटी.
बोट ठेवून एकेक तारीख वहीशी लावत गेले.
रोज पंधरा मिनिटांचा फरक,
बरोबर तेवढाच.
कॅलेंडरातली भरती पणजीची होती.
दिवाडीपर्यंत पाणी चढायला
पंधरा मिनिटं लागत असतील.

चाळीस वर्षं ते खाजनाच्या मानशीवर होते.
आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे,
बांधातलं पाण्याचं दार.
भरतीच ते ढकलून मिटवते,
पण मिटलं का ते बघायला माणूस लागतो:
फळीत फांदी अडकते, खेकडा बांध पोखरतो,
एका रात्रीत खारं पाणी
अख्ख्या गावाच्या कोरगुटात.
असा माणूस घड्याळाला झोपत नाही.
आणि हे पठार, इथे नदीचा आवाजही येत नाही,
तरी.

कापूस अजून ठेवते. वास वाईट नाही,
लघवीचा तेवढा कमी जाणवतो.
पण कॅलेंडर बघून, पंधरा मिनिटं मिळवून,
पाच मिनिटं आधीच खाटेशी जाऊन बसते.
पाय खाली आले की सांगते,
"दारां लागल्यांत, बाब. हांवें पळयलें."
"आनी कुल्ल्यांचे बुराक?"
"लिंपले."
मग निजतात. कधी वळून, कधी तसेच.
नऊ रात्री असं खोटं बोलले.

काल त्यांनी माझा हात धरला, नाकाशी नेला.
बोटांना ते निळं तेल.
बराच वेळ हुंगत राहिले.
"चिखोल खंय?" म्हणाले,
आणि चपला शोधू लागले.

वहीत लिहिलं: दोन.
उद्या येताना बेतीच्या धक्क्यावर उतरेन,
ओहोटीच्या वेळेला.
एक बाटली रिकामी झालीय,
धुऊन ठेवलीय.