तोंडवळा

माझ्या काट्यावर सगळं सारखंच येतं.
ट्रक, ट्रॉली, कापलेल्या बशी, तारांची भेंडोळी.
मी पावती फाडतो.
जालन्यात, भट्ट्यांच्या धुरात, अठरा वर्षं.

बाप दलाल होता हाळीच्या बाजारात.
रुमालाखाली बोटं, वर नुसतं हसू.
देवणी कशी ओळखायची ते त्यानं शिकवलं:
आधी कपाळ. मग कानाची लोंब. मग डोळ्याभोवतीचं काजळ.
तोंड काळं तो वानेरा,
अंगभर पांढरा तो बाळंक्या,
ठिपक्यांचा शेवरा.
"रंग बदलू दे, तोंडवळा बदलत नसतो.
बदलला, की समज कुठंतरी दुसरीच गाय आली."

परवा ही आली, शेठच्या थोरल्याची, कुशलची.
बॉनेटवर हळदीचं बोट अजून ओलं.
मी बापासारखी तिच्याभोवती फेरी मारली.
कपाळ उंच, सपाट,
कुणाला वाट द्यायचीच नाही असं ठरवून ओतलेलं.
नाकाची जाळी एवढी
की तिच्यात आमच्या नातवाचा पाळणा मावावा.
दिवे बारीक,
दुपारच्या झोपेतून उठवल्यासारखे नाराज.
आणि मागं शिडी. डोंगर चढायची.
फॅक्टरीपासून मंठा चौफुलीपर्यंत
जेवढा डोंगर लागतो तेवढा.

"विजेवर चालते, काका. इंजिन नाही."
मग ही जाळी काहून? श्वास कोण घेतं?
हात लावून पाहिलं. एक भोक नाही.
नाकपुड्या नुसत्या, आत नाक नाही.
कुशल म्हणला, "जाळी काढली
तर आमच्या कंपनीची आहे हे कळेल का कुणाला?"
पोराचं खरं होतं.
हाळीतसुद्धा दात पडलेला बैल
शिंगं तासून, तेल लावून उभा करायचे,
आणि गिऱ्हाईक शिंगांकडंच बघायचं.

यूनुसभाई आले भंगारातून, हात पुसत.
भट्टीत जायच्या आधी गाड्यांचे बिल्ले तेच काढतात.
रंगाची जुनी बादली भरत आलीय त्यांची:
चांदण्या, कड्या, पंख,
झेप घेणारं एक जनावर, कमरेपर्यंतच.
पहिल्या वर्षी त्यांनी एक बिल्ला दातानं चावला होता.
प्लास्टिक. वर केसाएवढा मुलामा.
"ये डालो तो खाली बास आती," म्हणाले,
"लोखंड मात्र कुणाच्याही गाडीचं असो,
सळई एकच निघते."
पण ह्या नव्या बिल्ल्याला त्यांनी बोट लावलं नाही.
वाकून बघितलं फक्त,
दुसऱ्याच्या लेकराकडं बघतात तसं.

कुशलला हौस आली. "काट्यावर घ्या ना, काका."
घेतली.
भरलेली: दोन हजार सहाशे वीस.
म्हणलं, आता उतर खाली.
रिकामी: दोन हजार पाचशे चाळीस.
पावतीवर एक रकाना असतो, मालाचं नाव.
विचारलं, काय लिहू?
तो दाराच्या काळ्या रंगात
स्वतःचे केस सारखे करत होता.
मी रकाना कोराच ठेवला.
निव्वळ वजन, ऐंशी किलो.
आमचा काटा वीस-वीसनं उडतो,
तेव्हा थोडं इकडं, थोडं तिकडं.

त्यानं पावतीचा फोटो काढला, पावती माझ्याकडंच राहिली.
गाडी निघाली तेव्हा आवाज असा काहीच नाही,
फक्त खडी करकरली.
फाटकाशी वळली आणि पहिल्यांदा पाठमोरी दिसली.
मागून मला ओळखू आली नाही.
कुणाचीही असू शकली असती.
बापाला विचारलं असतं,
तर म्हणला असता, पाठीवरून फक्त वशिंड बघायचं,
आणि ते हिला नाही.

मागं बराच वेळ एक टेम्पो थांबला होता.
डावा दिवा फुटका, तोंड एका बाजूनं चेपलेलं,
दोरीनं बांधलेलं बंपर.
लांबूनच कळलं, परतूरचा गणपा.
"घे पुढं," म्हणलं.